फरंगीसचं नवं नाक

पहिली मुबारकबाद दिली ती टॅक्सीवाल्यानं.

फरंगीस इस्पितळाच्या दारातून बाहेर आली तेव्हा नुकती उन्हं पडली होती. नाकावर प्लास्टरचं कवच, त्यावर आडव्या पांढऱ्या पट्ट्या, डोळ्यांखाली वांग्याच्या सालीसारखे काळेनिळे डाग. तिचा नवरा कियूमर्स पुढच्या सीटवर बसला, ती मागे. टॅक्सीवाल्यानं आरशातून तिच्याकडे पाहिलं आणि तोंडभर हसला.

"मुबारक असो, खानुम! माझ्या दोन्ही पोरींनी केलंय. पहिला आठवडा जरा जड जातो. मग बघा, आरशासमोरून हलणार नाही तुम्ही."

कियूमर्सनं रात्रभरात फारसं तोंड उघडलं नव्हतं. आता त्याचे खांदे सैल झाले. "बायकांची हौस हो," तो म्हणाला, "आपण काय, मान डोलवायची."

खोटं बोलायचं असं त्या दोघांनी ठरवलं नव्हतं. तेवढं सुचायला डोकं ठिकाणावर असावं लागतं. इस्पितळात तिनं 'कपाटाचं दार लागलं' असं सांगितलं होतं आणि लिहून घेणाऱ्यानं ते मान वर न करता लिहून घेतलं होतं. पण रस्त्यावरच्या लोकांना काय सांगायचं हा विचार दोघांच्याही मनात आला नव्हता, आणि तो करावा लागलाही नाही. तेहरानात पाय मोडलेला माणूस दिसला की लोक हळहळतात, हात गळ्यात बांधलेला दिसला की विचारपूस करतात, आणि नाकाला पट्टी लावलेली बाई दिसली की तिचं अभिनंदन करतात. खोटं असं आयतं चालून आलं. कियूमर्सनं ते उचललं आणि फरंगीस गप्प राहिली.

आदल्या संध्याकाळी झालं होतं ते एवढंच. वडिलांचं वर्षश्राद्ध महिन्यावर आलं होतं, त्यासाठी चार दिवस अराकला आईकडे जाते, असं ती म्हणाली. त्याच सुमारास कियूमर्सचा भाऊ राहायला येणार होता. "मग स्वयंपाक कोण करणार?" त्यानं विचारलं. "चार दिवस बाहेरून कबाब मागवा," ती म्हणाली. तो उठला. हातात टीव्हीचा रिमोट होता म्हणून हाड मोडलं. नुसता हात असता तर नेहमीसारखं घरातल्या घरात भागलं असतं.

घरी येऊन ती दोन उशांना टेकून बसली तोच वरच्या मजल्यावरच्या इशरत खानुम अननसाच्या फोडींचे दोन डबे घेऊन हजर झाल्या. नाकाचं ऑपरेशन झालेल्या घरी अननस न्यायचा असतो. सूज उतरते म्हणतात. त्यांच्या नारमक भागातल्या कुठल्याही दुकानात जा, डबे समोरच रचून ठेवलेले असतात.

"चोरून चोरून केलंस ना?" इशरत खानुमनी दारातूनच सुरू केलं. "आणि मी वर बसलेय ठार अडाणी! बरं ऐक. खाली वाकायचं नाही. शिंक आली तर तोंड उघडून शिंकायचं. हसायचं नाही. डोक्यातून घालायचे कपडे नकोत, बटणांचेच घाल. आणि आरशात बघू नकोस गं, पहिले काही दिवस माणूस बुजगावण्यासारखं दिसतं. माझी भाची आरसा बघून दोन दिवस जेवली नव्हती."

कियूमर्सनं चहा आणला. खडीसाखरेची वाटी पुढे केली. "घ्या ना, खानुम. तुम्ही आलात, घराला शोभा आली."

"काय नवरा मिळालाय तुला!" इशरत खानुम म्हणाल्या. "माझ्या नवऱ्यानं उभ्या जन्मात कपबशी उचलली नाही."

फरंगीसनं अननसाची एक फोड तोंडात ठेवली. वास नाही, चव नाही. नाकात कापूस होता, आणि कापसापलीकडे जे काही होतं ते कुणाचं तरी दुसऱ्याचं असावं असं तिला वाटत होतं. तिला राग यायला हवा होता. तो कुठे ठेवलाय तेच तिला आठवत नव्हतं.

तसं पाहिलं तर फरंगीस ही नाकासमोर चालणारी बाई. वय एकोणचाळीस, मूलबाळ नाही, नुसरती आगांच्या मिठाईच्या दुकानात काउंटरवर उभी राहून दहा वर्षं झालेली. डाळीच्या पिठाची कोरडी बिस्किटं एकावर एक रचून डबा भरावा तर तिनंच. गिऱ्हाइकानं घरी नेईपर्यंत त्यातलं एक तुटायचं नाही. अराकची मुलगी. तिचे वडील तिथे शाळेची बस चालवायचे. उंच, मधोमध टेकाड असलेलं त्यांचं नाक सगळ्या गावाला ठाऊक. आधी नाक येतं आणि मागून बस येते, असं पोरं म्हणायची, आणि ते खिडकीतून डोकं काढून त्यांच्यापेक्षा मोठ्यानं हसायचे. नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं म्हणतात. या घराचं उलटं होतं, इथे नाक अंमळ जास्त झाल्यानं विघ्नं यायची. चुलतबहिणींनी एकेक करून नाकं छाटून घेतली. लग्नाआधी एकीनं, बारावी झाल्यावर दुसरीनं, घटस्फोटानंतर तिसरीनं. फरंगीसनं नाही केलं. तिच्या आईनंच एकदा विषय काढला होता तेव्हा ती म्हणाली होती, "मामान, बाबा घरात फिरतोय तोवर कशाला? त्याला काय वाटेल?" आईनं त्या दिवशी मुलीच्या ताटात तळाची खरपूस भाताची पोळी अख्खी वाढली होती.

कियूमर्स बघायला आला तेव्हा त्याच्या आईनं नाक मुरडलंच. तो मात्र सगळ्यांदेखत म्हणाला, "मला हेच नाक पाहिजे." त्या एका वाक्यावर फरंगीस भाळली. तेरा वर्षं झाली त्याला.

मुबारकबादी येतच राहिल्या आणि मग आला आईचा फोन, चेहरा दिसणारा. फरंगीस उचलणार नव्हती, कियूमर्सनं उचलला. पडद्यावर आई दिसली, स्वयंपाकघरात, डोक्याला फडकं बांधलेली. तिनं मुलीचा चेहरा पाहिला आणि ती काही बोलायच्या आत कियूमर्स मागून डोकावला. "बघा मामान, तुमच्या लेकीनं अखेर हौस केली!"

"बाप जाऊन वर्षही झालं नाही," आई म्हणाली. "जिवंत होता तोवर ठेवलंस. मातीत गेला, आणि त्याचं उरलंसुरलंही कापून टाकलंस."

"मामान..."

"दिसतंय मला. आंधळी नाही मी."

फोन बंद झाला. पुन्हा लावला तर आईनं उचलला नाही. दुसऱ्या दिवशी नाही, पुढच्या आठवड्यातही नाही. आणि हे मात्र लागलं. सगळं अंग झोपलेलं असावं आणि एकाच बोटाला चिमटा बसावा, तसं. आईला काय सांगायचं ते एका वाक्यात सांगता आलं असतं. पण ते वाक्य तोंडातून काढलं की ते खरं होणार, आणि मग त्याचं पुढे काहीतरी करावं लागणार. फरंगीस रोज सकाळी ठरवायची, रोज संध्याकाळी राहून जायचं. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हा. फक्त इथे तोंड दाबणारे हात प्रेमळ होते आणि अननस घेऊन यायचे.

प्लास्टर निघालं, नुसत्या पट्ट्या राहिल्या, ती दुकानात जायला लागली. नुसरती आगांनी डब्यातली सगळ्यात चांगली मिठाई तिच्यासमोर ठेवली. गिऱ्हाइकं वजनकाट्यावरून वाकून बघायची. "कुठल्या डॉक्टरकडे?" "नाक हाडाचं होतं की मांसाचं?" "सूज छान उतरतेय हं!" काउंटरवर तिच्या शेजारी उभी राहणारी दिलआरा तर पाठच सोडेना. बावीस वर्षांची पोर, नाक बरंचसं सरळ, पण शेंडा जरा खाली. त्या शेंड्यापायी तिला झोप नव्हती.

"खरं सांगा, फरंगीस खानुम, दुखतं?"

"ज्या क्षणाला होतं तेव्हा नाही कळत," फरंगीस म्हणाली. "मागून कळतं."

"भूल दिलेली असते ना, म्हणून. आणि श्वास?"

"तोंडानं घ्यायचा. घसा कोरडा पडतो. उताणं झोपायचं. कुशीवर वळलीस तर जाग येते."

"आणि आता? हात लावला तर?"

फरंगीसनं शेंड्याला बोट लावलं. "काही कळत नाही. बधिर आहे."

"ते होतंच म्हणे! महिनोन्महिने राहतं. किती छान सांगता तुम्ही. बाकीच्या नुसत्या फोटो दाखवतात." दिलआरा हिशोबच करत होती: सुट्टी कधी घ्यायची, नाकावर भार नको म्हणून चष्मा कपाळावर कसा चिकटवायचा, भावाच्या लग्नाच्या फोटोंपर्यंत सूज उतरेल का. फरंगीस उत्तरं देत राहिली. चुलतबहिणींच्या उशाशी बसून पाहिलेलं सगळं तिला पाठ होतं. कधी कधी आपण खरंच करून आलोय असं तिला वाटायचं, आणि ते वाटणं वाईट नव्हतं. त्यात निदान आपण स्वतः पायांनी चालत गेलेलो असतो.

एके दिवशी दिलआरा डॉक्टरला भेटून आली ती डोळे विस्फारूनच. तिनं डॉक्टरची सगळी वाक्यं जशीच्या तशी आणली होती. आधी बाजूनं फोटो काढला. मग विचारलं, तुला नेमकं काय नकोय? दुसऱ्या कुणाचं नाक मागू नकोस, ते मिळत नाही. तुझ्या कातडीला आणि हाडाला जे जमेल तेवढंच मिळेल. कातडी जाड आहे, सूज वर्षभर रेंगाळेल. आधी श्वास नीट चालतो का ते तपासायचं. कुणी बोललं म्हणून करत असशील तर घरी जा, सहा महिन्यांनी ये. काहींना दुसऱ्यांदा करावं लागतं, ते पहिल्यापेक्षा अवघड.

"भला माणूस दिसतो," फरंगीस म्हणाली.

"भला! आणि तुमचा डॉक्टर चोर आहे," दिलआरा एकदम उसळली. "राग नका मानू. पण मी विचारलं त्यांना, सगळ्यात आधी काय करतात? म्हणाले, वरचा उंचवटा काढतात. आणि तुमचा उंचवटा तर जिथल्या तिथे आहे, फरंगीस खानुम! पट्टीखालून दिसतोय की! नुसतं वाकडं करून ठेवलंय मेल्यानं. फसवलं तुम्हाला. नाव सांगा त्याचं, माझा मामा वकील आहे."

फरंगीसनं काट्यावरचा डबा उतरवला, झाकण लावलं, गिऱ्हाइकाच्या हातात दिला. मग मागच्या खोलीत जाऊन हात धुवायच्या बेसिनवरच्या आरशात पट्टी सोडून पाहिलं. बाबांचं टेकाड होतं. डावीकडे झुकलेलं, पण होतं. आईनं एकदा पट्टीशिवाय नुसतं बघितलं असतं तरी तिला कळलं असतं.

त्या रात्री जेवायला कियूमर्सचा भाऊ होता. तो म्हणाला, "वहिनी, जरा तिरकं बसलंय का हो?" कियूमर्सनं हाडावरचं मांस काढता काढता उत्तर दिलं, "हो ना. दुसऱ्यांदा करावं लागणार बहुतेक." तो हसला, भाऊही हसला. कियूमर्सनं तिच्या ताटात भात वाढला. तो काय म्हणाला हे त्याला स्वतःला तरी कळलं होतं की नाही, कोण जाणे. फरंगीसला कळलं. दुसऱ्या वेळची मुबारकबादही तयारच होती.

श्राद्धाच्या दिवशी सकाळी दोघे भाऊ मिळून कियूमर्सच्या, गाड्यांच्या सुट्या भागांच्या, दुकानात गेले आणि तिनं एक पिशवी भरली. जिन्यात इशरत खानुम भेटल्या. हातात भाजी, कमरेवर हात. पिशवीकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं.

"अराकला?"

"बाबाचं वर्ष आहे."

"जा. जाऊन ये." त्या बाजूला झाल्या. मग फरंगीस दोन पायऱ्या उतरल्यावर मागून म्हणाल्या, "आपल्या घरांच्या भिंती-छतं सगळं पातळ आहे, पोरी. ऐकू येतं."

फरंगीस थांबली.

"घरोघरी मातीच्या चुली, असं म्हणून दार लावून घेतलं मी. म्हटलं, तिची अब्रू जाईल. मग अननस घेऊन आले. दुसरं काय आणणार होते?" इशरत खानुमचा आवाज चिरका झाला होता. "विचारलं नाही मी. विचारायला हवं होतं."

"भाजी जड आहे, वर ठेवा ती," एवढंच फरंगीस म्हणाली आणि उतरली.

अराकला आईनं दार उघडलं आणि पाठ फिरवली. "या," ती म्हणाली, पोटच्या मुलीला, जसं दूरच्या पाहुण्याला म्हणावं तसं. "चहा घेणार? त्रास घेऊन आलात."

"मामान, बघ माझ्याकडे."

"काय बघू? बघितलं ना त्या दिवशी."

"कापलेलं नाही."

आई वळली. तिनं चष्मा लावला, जवळ आली आणि हलव्यानं तेलकट झालेला अंगठा मुलीच्या नाकावरच्या पट्टीवरून वरून खाली फिरवला. टेकाडावर थांबली. पुन्हा वर नेला. फरंगीसला त्या अंगठ्याचा स्पर्श कळला नाही. आईचा चेहरा बदललेला तेवढा दिसला.

"आहे," आई म्हणाली. तिचे डोळे भरले. "आहे की गं." आणि मग, क्षणभरानं, "मग हे वाकडं कशानं?"

आई बघत राहिली आणि बघता बघता तिला समजलं. ती स्टुलावर बसली. पातेल्यातला हलवा खाली लागायला आला होता, तो तिनं बसल्या बसल्या ढवळला.

"आत्ता घर भरेल पाहुण्यांनी," आई खालच्या आवाजात म्हणाली. "आज काही बोलू नकोस. ऑपरेशनच सांग. झाकली मूठ सव्वा लाखाची. बापाचा दिवस आहे, त्याच्या दिवशी चारचौघांत तमाशा नको. मग बघू आपण."

"बरं," फरंगीस म्हणाली. तिला त्याचंही काही वाटलं नाही. आईही त्याच रांगेत उभी राहिली होती, एवढंच.

दुपारी बायका जमल्या. खजूर, हलवा, चहा. तलअत आत्या आली. वडिलांची थोरली बहीण, सत्तरीची, घरातलं तेच नाक अजून ताठ मिरवणारी. भाचीची पट्टी आणि डोळ्यांखालचे पिवळट डाग पाहून तिनं दोन्ही हात पसरले. "अगं, तूसुद्धा? बरं केलंस. आम्ही राहिलो म्हाताऱ्या गिधाडांसारख्या. मुबारक, पोरी, मुबारक! तुझा नवरा चांगला म्हणून हो म्हणाला."

भोवतालच्या चुलतबहिणीही सुरू झाल्या. मुबारक, मुबारक. एकीनं टाळी वाजवली.

आई चहाचा ट्रे घेऊन दारात उभी होती. ती आत आली नाही. हे शब्द तिनं आजवर स्वतः किती जणींना म्हटले असतील. आपल्या मुलीला कुणी म्हणताना ती पहिल्यांदाच ऐकत होती.

"मुबारक म्हणू नकोस, तलअत," आई म्हणाली.

"का गं?"

"म्हणू नकोस, सांगितलं ना. कुणीच म्हणू नका."

आत्यानं आईकडे पाहिलं. "मग काय झालंय?" आईनं फरंगीसकडे पाहिलं, आणि आता सगळ्या जणी फरंगीसकडे पाहत होत्या. ठरलेलं उत्तर फरंगीसच्या जिभेवर होतं, इतक्या वेळा दिलेलं की आता ते आपोआप यायचं.

"कियूमर्सनं मारलं," ती म्हणाली. "आधीही मारायचा. या वेळी हाड मोडलं."

गिऱ्हाइकाला वजन सांगावं तसा सपाट आवाज होता तिचा. कुणी किंचाळलं नाही. जिनं टाळी वाजवली होती तिनं हात ओढणीखाली घेतले. आत्यानं हातातला खजूर परत ताटलीत ठेवला. "तो कुठंय आता?" तिनं विचारलं.

"दुकानात. संध्याकाळी घरी येईल."

"येऊ दे. रिकाम्या घरात येऊ दे."

आईनं ट्रे जमिनीवर ठेवला आणि ती बाहेरच्या पायरीवर गेली, जिथे सगळ्यांच्या चपलाबुटांचा ढीग पडला होता. वाकून तिनं त्यातून फरंगीसचे बूट शोधून काढले. ओढणीच्या टोकानं त्यांची धूळ पुसली, घरात आणले आणि आतल्या खोलीत, स्वतःच्या बुटांशेजारी ठेवून दिले.